कर्णिकभावजींची निळी रेघ

कर्णिकभावजी आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी दाराजवळच्या भिंतीवरल्या घड्याळाला टिचकी मारायचे. नखाने, काचेवर, टक टक. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे, मग मोबाइलकडे, आणि मग जाहीर करायचे, "वहिनी, तुमचं घड्याळ पुढे आहे." मी म्हणायचे, "असू दे हो, त्याने माझी आमटी करपत नाही." डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमची आणि कर्णिकांची दारं समोरासमोर. इतक्या वर्षांत घड्याळाला टिचकी न मारता हा माणूस एकदाही आत आला नाही. यंदा ते गेले. आता घड्याळ कितीही पुढे पळालं तरी कुणी सांगत नाही, आणि मला मेलं त्याचंच वाईट वाटतं.

टिचकीची सवय नोकरीची. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते मीटर तपासायचे. जन्मभर तेच काम. आमचे हे त्याच कंपनीत डिस्पॅचला होते, म्हणून मला सगळ्या कथा माहीत. मीटरचा काटा कधीकधी अडकून बसतो, काचेवर टिचकी मारली की सुटतो आणि खरं बोलतो. भावजींनी हा नियम सगळ्या जगाला लावला. भाजीवाल्याच्या काट्याला टिचकी, रिक्षाच्या मीटरला टिचकी. एकदा डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तर म्हणाले, "दुसऱ्या मशीनवर घ्या." डॉक्टर म्हणाले, "कर्णिक, तुमचं नॉर्मल आहे हो. आता माझं मोजायला लागेल."

"एक मीटर म्हणजे अफवा, वहिनी," ते म्हणायचे. "दोन मीटर तेच बोलले तर बातमी."

"आणि दोघं वेगळं बोलले तर?"

"तर कोण खरं हे ठरवत बसायचं नाही. आधी आग बंद करायची. न्यायनिवाडा मग."

हे नुसतं बोलणं नव्हतं. कंपनीत एकदा एकाच भांड्यावरचे दोन मीटर वेगळं दाखवायला लागले. एक म्हणे सगळं ठीक, दुसऱ्याचा काटा चढतोय. सगळे म्हणाले, तो दुसरा जुना आहे, त्याच्याकडे काय बघता? भावजींनी दोन्हींना टिचक्या मारल्या, क्षणभर उभे राहिले आणि सरळ प्लांट बंद केला. अख्खा माल वाया गेला. नंतर उघडून बघितलं तर तो जुना मीटरच बिघडलेला होता. बाकी काहीसुद्धा झालेलं नव्हतं! साहेबांनी सगळ्यांसमोर वाट्टेल ते सुनावलं आणि त्या वर्षीचं प्रमोशन दुसऱ्याला गेलं. मी एकदा न राहवून विचारलं, "भावजी, कधी मनाला लागत नाही?" तर खरंच न कळल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. "का लागेल? मीटर बिघडलाय हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?"

असा हा माणूस रिटायर झाला आणि घरात बसला. बसला कसला, फिरत सुटला. फ्रिजला टिचकी, गिझरला टिचकी, गॅसच्या सिलिंडरला टिचकी. रात्री झोप नाही, गॅलरीत येरझाऱ्या. सुधाताई, म्हणजे त्यांची बायको, माझी अगदी जिवाभावाची. ती एकदा माझ्याकडे येऊन रडली. "मंगल, या माणसाला काहीतरी काम द्या गं कुणीतरी. हे असे घरातच झिजून जातील."

आणि मग त्यांनी होडी घेतली.

आता डोंबिवलीतला रिटायर माणूस काय करतो? ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर बसतो, फार तर हास्यक्लबात जातो. ठाण्याच्या एका तलावावरचं बोटिंग बंद पडलं, तिथली फायबरची होडी आणि तिचं मागे लावायचं इंजिन यांनी उचलून आणलं आणि डोंबिवलीच्याच खाडीकाठी, मोठागावच्या रेतीबंदरावर नेऊन बांधलं. सुधा म्हणाली, "लोक म्हातारपणी काशीला जातात, हे मुंब्र्याला निघालेत. तेही पाण्यातून!" बिल्डिंगमध्ये सगळे म्हणायला लागले, रिकामटेकडेपणा, दुसरं काय. भावजींच्या कानावर गेलं. दुसऱ्या रविवारी बघितलं तर होडीवर पांढऱ्या रंगात सुरेख अक्षरात नाव: रिकामटेकडी.

पण माणूस झोपायला लागला हो. सकाळी भरती बघून निघायचा, खाडीत फिरून यायचा, जेवून दुपारी घोरायचा. गॅलरीतल्या येरझाऱ्या थांबल्या. सुधा मला म्हणाली, "पाण्याची मला भीती वाटते गं, पण त्या होडीला मी काही बोलणार नाही आता."

रस्ता दाखवायला टॅब घेतला. मोठ्या बोटींवर खास पाण्यासाठीचं यंत्र असतं, ते भावजींना आपल्या होडीला फार वाटलं. "सगळं टॅबवर येतं. नकाशा येतो, आपण कुठे आहोत ते बाणाने दाखवतो." पहिला टॅब घरात अगदी बरोबर चालला. दिवाणखान्यात उभं राहिलं की बाण आमच्या बिल्डिंगवर. झालं, स्वारी निघाली. तासाभरात तोंड वाकडं करून परत. मी विचारलं, काय झालं? "भर खाडीत होतो वहिनी, आणि हा मला दुसऱ्या मजल्यावर दाखवतोय." त्यांचा मुलगा मिलिंद घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतो, आयटीत आहे. तो आला आणि कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, यात उपग्रहाचा सिग्नल पकडायची सोयच नाहीये. हा घरच्या वायफायवरून पत्ता सांगत होता. सिमकार्डवाला घ्यायचा असतो." भावजी म्हणाले, "मग दुकानदाराने सांगायला नको?" मिलिंद म्हणाला, "तुम्ही त्याला होडीचं सांगितलेलंत का?" नव्हतं सांगितलेलं. तो हसेल म्हणून.

दुसरा टॅब आला. त्याला जागा बरोबर कळायची, पण सवय कुठे जाते? भावजी काचेला टिचकी मारणार आणि टॅबला वाटणार, साहेबांनी इथे खूण करायला सांगितली. प्रत्येक टिचकीला एक लाल झेंडा. आठवड्याभरात मोठागावपासून मुंब्र्यापर्यंत इतके झेंडे झाले की निवडणूक लागलीय असं वाटावं. शिवाय उन्हात काच दिसायची नाही, म्हणून हे डोक्यावर काळी छत्री बांधून बसायचे. फार तापला की टॅब आपोआप बंद पडायचा, मग सुधाने दिलेला ओला पंचा त्याच्या पाठीवर. पाण्याचे शिंतोडे उडाले की त्याला वाटायचं कुणाचं बोट लागलं, आणि नकाशा पळत पळत भिवंडी ओलांडून नाशिकला. भावजींना या सगळ्याचा राग यायचा नाही. "प्रत्येक यंत्राचा स्वभाव असतो. तो ओळखला की झालं."

दसऱ्याला तर बहारच झाली. कर्णिकांकडे खंडेनवमीला आणि दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा, स्क्रू ड्रायव्हरपासून पक्कडीपर्यंत. त्या वर्षी पाटावर मधोमध टॅब! सुधाने भक्तिभावाने ओलं हळदकुंकू लावलं, नेमकं खालच्या बाजूला, जिथे चार्जरची पिन जाते तिथे. संध्याकाळपासून टॅब चार्जच होईना. भावजी शिवणाच्या सुईने कुंकू टोकरत बसले आणि सुधा समोर बसून, "अहो, देवाचं आहे, असं टोकरू नका." मी हसून हसून बेजार.

हे सगळं सांगते म्हणून तुम्हाला वाटेल, टॅब कुचकामी होता. नव्हता. हळूहळू तो फार चांगला वागायला लागला, आणि तिथेच घोटाळा झाला. होडी जिथून जाईल तिथून टॅब नकाशावर निळी रेघ काढायचा. संध्याकाळी भावजी आमच्याकडे येऊन ती दाखवायचे. "ही बघा, मुंब्र्याला कशी वळली. हे कळवा. आणि हे इथून सरळ कशेळी." आधी ते प्रत्येक ठिकाणी रंगाचे पट्टे मारलेला बांबू पाण्यात घालून खोली बघायचे. टॅब आणि बांबू, दोन मीटर. पण त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा सुखरूप जाऊन आल्यावर बांबू होडीत नुसता पडून राहायला लागला. माणूस रेघेच्या प्रेमातच पडला म्हणा ना.

मागच्या उन्हाळ्यात कशेळीच्या अलीकडे ओहोटीला होडी गाळात बसली. टॅबवर सगळीकडे निळंशार पाणी आणि खाली घोटा बुडेल एवढंच. पाणी परत चढेपर्यंत हे तसेच होडीत, उन्हात. फोन वाजतोय आणि हे उचलत नाहीत. सुधा जिन्यात येरझाऱ्या घालतेय, मिलिंद ऑफिस सोडून गाडी घेऊन खाडीच्या काठाकाठाने शोधतोय. दिवेलागणीला भावजी आले, कमरेपर्यंत चिखल. माझ्या घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही.

मिलिंद मागोमाग आला आणि जिन्यातच भडकला. "गाळात अडकलात त्याचं काही नाही हो बाबा. फोन का नाही उचललात?"

"काय सांगणार होतो? पाणी चढलं की निघणारच होतो."

"आणि चक्कर आली असती तर? तुम्हाला कुणाला हाक मारायला कमीपणा वाटतो. होडी विका. बस झालं."

भावजी पाय धुवायला आत गेले. रात्री डबा परत द्यायला आले तेव्हा मला म्हणाले, "बांबू सांगत होता, वहिनी. मी एकदा घालून बघितला होता. पण रेघ इतकी सरळ होती ना."

पावसाळाभर बापलेकांत धुसफूस. शेवटी भावजींनीच अट घातली. दसऱ्यानंतरच्या रविवारी मोठागावहून निघून थेट घोडबंदरच्या गायमुखला येऊन दाखवतो, कुणाचीही मदत न घेता. आलो तर तू होडीचं नाव काढायचं नाहीस. नाही आलो तर तू म्हणशील त्याला विकून टाक. मिलिंद म्हणाला, ठीक आहे, मी जेट्टीवर उभा राहतो. सुधा म्हणाली, "मीपण येणार. मी बरोबर असले की हे भानावर असतात. आणि मंगल, तू चल गं माझ्या सोबतीला." मला पोहता येत नाही, सुधालाही नाही. पण तिच्या डोळ्यांत बघितलं आणि नाही म्हणवेना. होडी गेली तर आपला नवरा परत फ्रिजला टिचक्या मारत बसणार, हे तिला दिसत होतं.

निघालो झोकात. लाइफ जॅकेट घालून आम्ही दोघी म्हणजे गादीच्या दुकानातल्या गाद्या. भरती नुकतीच उलटली होती, पाणी आमच्याच बाजूने वाहत होतं. भावजी मागे इंजिनाशी, मांडीवर टॅब, डोक्यावर छत्री. आणि बांबू या वेळी हातात. दर थोड्या वेळाने पाण्यात घालायचे आणि पुटपुटायचे, "जुळतंय." मुंब्र्याजवळ इंजिनात जलपर्णी अडकली. ती काढता काढता बराच वेळ गेला आणि ओहोटी पुढे सरकली. भावजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. कळव्यानंतर कशेळी आलं, मागच्या वेळची जागासुद्धा सुखरूप पार पडली, तेव्हा सुधाने मला चिमटा काढला.

कोलशेत मागे पडलं आणि समोर घोडबंदरचे टॉवर दिसायला लागले. एका बाजूला तिवरांची हिरवी झाडी, दुसऱ्या बाजूला ते उंच उंच मनोरे. सुधा बोट दाखवून म्हणाली, "तो बघ मिलिंदचा टॉवर. आलोच की गं!" तिने डब्यातून नारळाची वडी काढली. तेवढ्यात भावजी नेहमीचं "जुळतंय" म्हणाले नाहीत.

त्यांनी बांबू परत घातला. आणखी पुढे जाऊन परत घातला. मग टॅबकडे बघितलं. बाण निळ्या रेघेवर अगदी चपखल, इकडे नाही तिकडे नाही. तीच रेघ, गेल्या हंगामात कितीदा गेलेली. आणि बांबू दर वेळी कमी पाणी सांगत होता.

"दोघांचं जुळत नाही," ते म्हणाले आणि इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. मी म्हटलं, "अहो भावजी, समोर तर दिसतंय. जरा रेटा ना."

"पावसात गाळ सरकला असेल. किंवा इथेच थोडा उंचवटा असेल, पुढे परत खोल असेल. मला माहीत नाही." आणि त्यांनी नांगर टाकला.

मग सुधा बोलली. जी बाई होडीला घाबरायची, ती! "अहो, जा ना पुढे. एवढं आलात. होडी जाईल हो तुमची. मी नाही घाबरत. जा ना." तिच्या आवाजात काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी दुसरीकडे बघायला लागले.

भावजींनी तिच्याकडे बघितलं. "होडी गेली तर जाऊ दे, सुधा. गाळात तुला उतरवणार नाही." आणि खिशातून फोन काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. "मिलिंद? मी थांबलोय. कोलशेतच्या पुढे आहे. आई आणि वहिनी बरोबर आहेत. मला मदत लागेल. ये."

फोन ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून बसले. सुधाने नारळाची वडी पुढे केली ती हातात घेतली, पण खाल्ली नाही. रडले असतील का? मला दिसलं नाही, आणि बघायचंही नव्हतं.

मिलिंद गायमुखच्या एका कोळ्याची होडी घेऊन आला. लांबूनच उभा राहून हात हलवत होता. दोर टाकला, आम्हाला दोघींना हात धरून त्या होडीत घेतलं. भावजींनी कोळ्याला विचारलं, "मी पुढे रेटली असती तर गेलो असतो का?" तो हसला. "काय सांगू काका? मीपन पावसानंतर या बाजूला आजच येतोय. गेले असते तर गेलेही असते, फसले असते तर फसलेही असते. गाळ काय आपल्याला विचारून सरकतो?" भावजींनी मान डोलवली. झालं, इतकंच. बाण खरा की बांबू खरा, ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

जेट्टीवर भावजींनी इंजिनाची किल्ली काढून मिलिंदच्या हातात ठेवली. मिलिंदने ती खिशात टाकली. त्याने गाडीतून आम्हाला डोंबिवलीला सोडलं, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रखडत. रिकामटेकडी मागाहून त्या कोळ्यानेच मोठागावला आणून बांधली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गॅलरीत पुन्हा येरझाऱ्या. एका रविवारी पहाटे जिन्यात पावलं वाजली म्हणून मी दार उघडलं, तर मिलिंद. मला रागच आला. म्हटलं, "मिळालं का रे होडीला गिऱ्हाईक?"

"मिळालं काकू," तो म्हणाला. "मीच. पण मला चालवता येत नाही."

तो समोरच्या बंद दाराकडे बघून हळूच म्हणाला, "इतक्या वर्षांत बाबांनी मला पहिल्यांदा 'ये' म्हणून बोलावलं. मला वाटायचं, हा माणूस कधी थांबणारच नाही. जो थांबतो त्याची होडी कशाला विकायची?" आणि बेल वाजवली.

दार भावजींनीच उघडलं. मिलिंदने किल्ली पुढे केली. "बाबा, शिकवा."

भावजींनी किल्ली घेतली नाही. "तुझ्याकडेच राहू दे," म्हणाले. "आधी चहा घे. भरतीला अवकाश आहे." आणि वळून आत गेले, ते इतके भरभर की चप्पल दारातच उलटी पडली.

मग दर रविवारी दोघं. त्यांना होडीत मी शेवटचं बघितलं ते तेव्हाच. आम्ही दोघं भिवंडीकडे एका लग्नाला चाललो होतो आणि मोठागावच्या नव्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. मी खिडकीतून सहज खाली बघितलं तर रिकामटेकडी. मागे मिलिंद इंजिनाशी, अगदी ताठ बसून, एकदा टॅबकडे बघायचा, एकदा बांबू पाण्यात घालायचा. आणि पुढच्या बाजूला भावजी, उशाला लाइफ जॅकेट, तोंडावर टोपी, अनवाणी पाय होडीच्या काठावर टाकलेले. आमचे हे म्हणाले, "अगं, हाक मार की!" मी नाही मारली. जन्मभर कुठल्याच एकट्या मीटरवर विश्वास न ठेवणारा तो माणूस, भर खाडीत, चालत्या होडीत, गाढ झोपला होता.